घरचे कार्य आणि शाळेची सहल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात भरलेल्या पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर उभे राहणाऱ्याने एखादा भारदस्त विषय घ्यावा, असा संकेत आहे. बृहन्महाराष्ट्रातील मराठीचे भवितव्य, छत्तीसगडच्या जडणघडणीत मराठी माणसाचा वाटा, असे दोन-तीन विषय माझ्यापुढे ठेवण्यातही आले होते. मी शाळेच्या सहलीवर बोलणार आहे, असे कळवले तेव्हा कार्यवाह क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी कार्यक्रमपत्रिकेवर ‘पालक आणि पाल्य’ असे काहीसे मोघम शीर्षक छापले. त्यांच्या सौजन्याबद्दल मी आभारी आहे. परंतु विषय सहलीचाच आहे.

रायपूरच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे अध्यापन केले आणि त्यांपैकी बरीच वर्षे नववी-दहावीच्या मुलामुलींना घेऊन पुरी-कोणार्क, बस्तर, विशाखापट्टणम असा प्रवास केला. सहल निघण्यापूर्वी पालकांची अनुमतिपत्रे गोळा करण्याचे काम वर्गशिक्षिकेचे असते. त्या कामात एक गोष्ट वारंवार माझ्या नजरेस आली. मराठी घरांतील अनुमतिपत्रे शेवटच्या दिवशी येत, आणि कित्येकदा त्यांवर खाडाखोड असे. आधी होकार, मग त्यावर रेघ, पुन्हा होकार. कधी सही आईची, कधी वडिलांची. दोघांची मिळून क्वचितच. त्या रेघेमागे काय घडले असेल, हे विचारण्याचा मला अधिकार नव्हता. पण दुसऱ्या दिवशी ते मूल वर्गात आले की त्याच्या चेहऱ्यावरून पुष्कळसे समजत असे.

प्रश्न बहुधा पैशांचा नसे. प्रश्न असे तारखांचा. छत्तीसगडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. त्या उन्हात कोणीही शहाणा मुख्याध्यापक मुलांना बाहेर काढणार नाही. पावसाळ्यात जंगलातल्या रस्त्यांचा भरवसा नसतो. राहता राहिली दिवाळीनंतरची थंडी. आणि आपल्याकडे तुळशीचे लग्न लागले की मुहूर्तांना सुरुवात होते. पौष लागण्याच्या आत कार्ये उरकायची असतात. तेव्हा शाळेची सहल आणि घरचे कार्य एकाच आठवड्यात यावे, हे पंचांग आणि हवामान ह्यांनी मिळून जणू ठरवूनच टाकलेले आहे. त्यात भर रेल्वेची. कार्याची तारीख कळली की आरक्षण करून मोकळे व्हावे, ही आपली रीत. कित्येक वर्षे १२० दिवस आधी तिकिटे काढता येत असत. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. शाळेची सूचना मात्र जेमतेम पंधरा-वीस दिवस आधी घरी पोचते. तोवर चौघांची तिकिटे निघालेली असतात, आणि ‘तिकिटे काढली आहेत’ हे वाक्य आपल्या घरांत वेदवाक्याच्या थाटात उच्चारले जाते. मूल कोठे जाणार, हे पुष्कळदा आईने ठरवलेले नसते, वडिलांनीही नसते; ते आरक्षणाच्या खिडकीवर ठरून गेलेले असते.

एका घराची हकीकत सांगते. नाव अर्थातच सांगत नाही. मुलगी नववीत होती. शाळेची सहल पुरी, कोणार्क आणि चिल्का अशी पाच दिवसांची, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. त्याच आठवड्यात अमरावतीला तिच्या आजीचे सहस्रचंद्रदर्शन. वडील घरातले थोरले चिरंजीव. त्यांचे म्हणणे असे की, नातवंडे जमणार, त्यात थोरल्याचीच मुलगी नाही, हे शोभणार नाही. कोणार्कचे देऊळ तेराव्या शतकापासून उभे आहे, ते आणखी दोन-चार वर्षे कोठे जात नाही. आईचे म्हणणे असे की, देऊळ कोठे जात नाही हे खरे, पण वर्ग जातो. दहावीत सहल नसते, अकरावीत मुले पांगतात. ज्या मैत्रिणींबरोबर ती पहिलीपासून आहे त्यांच्याबरोबर समुद्र पाहण्याची ही एकच संधी. दोघांचेही बोलणे रास्त होते. दोघांनाही ते कळत होते. म्हणूनच की काय, आवाज चढले आणि वाद सहलीवरून दुसरीकडे सरकला. “माझ्या बहिणीच्या लग्नाला तुमची रजा मंजूर झाली नव्हती, ती आठवते का?” असा प्रश्न निघाला. एकदा रजेचा हिशेब निघाला की त्या संभाषणात मुलगी उरत नाही, हे येथे बसलेल्या जाणत्यांना मी सांगावे असे नाही.

ती पलीकडच्या खोलीत पुस्तक उघडून बसली होती. ह्या सगळ्यातून तिने काढलेला निष्कर्ष सरळ होता: भांडण माझ्यामुळे होते आहे. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मॅडम, माझे नाव काढून टाका.” मी ते काढले नाही, पेन्सिलीने एक खूण करून ठेवली.

दोन दिवसांनी तिचे वडील सहलीसाठी भरलेली रक्कम परत मिळेल का, हे विचारायला शाळेत आले. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघाले की अमरावतीचे घर विकायचे ठरले आहे. भावाभावांत तसे एकमत झाले आहे. हे कार्य झाले की आई धाकट्याकडे पुण्याला जाणार. त्या घरातला हा शेवटचा मेळावा. मी विचारले, “मुलीला हे ठाऊक आहे का?” ते म्हणाले, “लहान आहे हो ती. ऐकून रडेल.” मुलगी चौदा वर्षांची होती.

त्याच रात्री त्यांनी तिला सांगितले. ती रडली, हे खरे. मग तिने सहलीची आणि कार्याची, दोन्ही वेळापत्रके समोर घेऊन दोहोंची सांगड घालता येते का, हे पाहिले. येत नव्हती. ती अमरावतीला गेली. तेथे तिने चित्रकलेच्या वहीत त्या घराचा नकाशा काढला: ओसरी, माजघर, बाळंतिणीची खोली, विहीर, तुळशीवृंदावन. कोणत्या खोलीत कोण जन्मले, कोणती भिंत कोणत्या साली पडली आणि पुन्हा बांधली, हे आजीला विचारून तिने बाजूला लिहिले. घर आता नाही. तो कागद त्यांच्याकडे आहे. कोणार्क मात्र तिने अद्याप पाहिलेले नाही आणि ह्याबद्दल ती आईवडिलांना आजही बोलून दाखवते. ते तिने बोलूनच दाखवावे, असे माझे मत आहे. गेले ते गेले, आणि ते भरून आल्याचे सोंग तिने का करावे?

आता दुसरी बाजू. दहावीतला एक मुलगा होता. शाळेत त्या वर्षी बोर्डाच्या सराव परीक्षांपूर्वी तीन दिवस बस्तरला जायचे होते. चित्रकोटचा धबधबा, कुटुमसरची गुहा. मी त्याला आठ मुलांच्या गटाचा प्रमुख नेमले होते. गुहेत उतरताना मागे-पुढे कोणी चालायचे, टॉर्च कोणाकडे राहायची, ज्या एका मुलाला अंधाराची भीती होती त्याचा हात कोणी धरायचा, हे त्याने लिहून काढले होते. त्याच वेळी नागपूरला चुलत बहिणीचे लग्न निघाले. दोन वर्षांतले ते घरचे पाचवे लग्न. ह्या घरात वडील सहलीच्या बाजूचे होते आणि आई लग्नाच्या, कारण गेल्या खेपेस दिराने तिला चारचौघांत टोकले होते: “तुमच्या मुलाला आम्ही ओळखतच नाही.” तो बोल तिला लागला होता. मुलगा लग्नाला गेला. तेथे त्याला कोणी काही काम दिले नाही. पाहुणे येत, “कितवीला आहेस?” म्हणून विचारत आणि उत्तर ऐकण्याआधी पुढे सरकत. तीन दिवस तो कार्यालयाच्या एका कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला. परतल्यावर त्याने मला विचारले, “मॅडम, त्याचा हात मग कोणी धरला?”

ह्या एका प्रश्नासाठी मी हा विषय घेतला आहे. आपण वाद घालतो तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतो, की कार्य म्हणजे कर्तव्य आणि सहल म्हणजे मौज. म्हणून कर्तव्याचे पारडे आपोआप जड. परंतु त्या मुलाने शब्द दिला होता. आठ मुले त्याच्यावर विसंबून होती. पंधराव्या वर्षी माणसाला स्वतःची म्हणून जी पहिली नाती लाभतात, जी त्याला जन्माने मिळालेली नसून त्याने स्वतः जोडलेली असतात, त्यांचीही काही देणी असतात. ती देणी आपल्याला दिसत नाहीत, कारण त्यांची निमंत्रणपत्रिका छापलेली नसते.

असे असले तरी, अमरावती-नागपूर-अकोल्याच्या ओढीला मी केवळ हटवाद म्हणणार नाही. दूर राहणाऱ्यांचे गणित वेगळे असते. नागपुरातच राहणारा भाचा एखाद्या मुंजीला आला नाही, तर पुढच्या रविवारी येऊन लाडू खाऊन जातो. त्याची गैरहजेरी आठवड्यात विरून जाते. रायपूरचे मूल एकदा चुकले की वर्षाने दिसते. पाचवीपासून बारावीपर्यंत आठ वर्षे. वर्षाकाठी एक फेरी धरली तर एकूण आठ भेटी. आठ भेटींच्या भांडवलावर त्या मुलाने काका, आत्या, मावसभावंडे, आजोळची बोली, वरण-पुरणाचा स्वयंपाक, सगळे आपले म्हणायचे! त्यांतली एक कमी झाली की बापाच्या पोटात कालवते, ते ह्या हिशेबामुळे. ते शब्दांत न आल्याने तो ‘लोक काय म्हणतील’ एवढेच म्हणतो आणि मुलाच्या दृष्टीने हास्यास्पद ठरतो.

ह्याच्याही मुळाशी एक जुनी गोष्ट आहे. १७४१ मध्ये भास्करपंतांची स्वारी रतनपुरावर आली, पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला, आणि तेव्हापासून मराठी कुटुंबे ह्या मुलखात येत राहिली. इंग्रजी अमदानीत मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती. कचेऱ्या, शाळा, न्यायालये, रेल्वे ह्यांच्या निमित्ताने आलेल्या माणसाला रायपूर-नागपूर हा प्रवास आपल्याच प्रांतातला वाटे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतरचना बदलली, राजधानी भोपाळला गेली, आणि तेच सुमारे तीनशे किलोमीटर एका रात्रीत परप्रांताचे झाले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड स्वतंत्र राज्य झाले. माणसे जागची हलली नाहीत, सीमा हलल्या. परंतु मनाने आपण अजून त्या जुन्या प्रांतात राहतो. तीन पिढ्या येथे झाल्या तरी ‘गावी जाऊन येतो’ म्हणताना आपले बोट पश्चिमेकडे वळते. आपल्या मुलांचे गाव मात्र रायपूर आहे. त्यांचे सवंगडी छत्तीसगढी बोलतात, फरा आणि चीला खातात, आणि ‘गावी कधी जाणार?’ ह्या प्रश्नावर बुचकळ्यात पडतात. सहलीवरून आईवडिलांत जो वाद होतो तो वरवर पाच दिवसांचा असतो. आतून तो, ह्या मुलाची माणसे कोणती, असा असतो. म्हणून तो एवढा पेटतो.

आपल्या शहरात ह्या प्रश्नाचा एक थोर साक्षीदार राहून गेला आहे. विमानतळाला त्याचे नाव २०१२ मध्ये दिले गेले, बुढातलावाला विवेकानंद सरोवर म्हणतात, आणि बुढापाऱ्यातले ते घर आपण पाहुण्यांना दाखवतो. १८७७ मध्ये नरेंद्र चौदा वर्षांचा होता. वडील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरास होते, आणि त्यांच्याकडे येण्यासाठी मुलाची कलकत्त्यातील शाळा सुटली. रायपूरला तेव्हा रेल्वे नव्हती. ती येथे आली १८८८ च्या सुमारास. अखेरचा प्रवास पंधरा दिवसांहून अधिक काळ बैलगाडीने, जंगलातून झाला. वाटेत एका खिंडीत, वरपासून खालपर्यंत लोंबणारे मधमाश्यांचे प्रचंड पोळे पाहून हा मुलगा इतका तल्लीन झाला की काही काळ त्याची शुद्धच हरपली, असे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. रायपुरात त्याच्याजोगी शाळा नव्हती. वडिलांनी त्याला घरी शिकवले, थोरामोठ्यांच्या चर्चेत बसवले. १८७९ मध्ये कुटुंब कलकत्त्याला परतले आणि त्याने मागे पडलेला अभ्यास भरून काढून प्रवेश परीक्षा पहिल्या वर्गात दिली.

ही कथा मी अनेक घरांत ऐकली आहे, आणि गंमत अशी की दोन्ही पक्ष तिचा आधार घेतात. ‘बघा, कुटुंबासाठी विवेकानंदांनी दोन वर्षे शाळा सोडली’ असे एक पक्ष म्हणतो. ‘बघा, एका प्रवासाने मुलगा कसा जागा झाला’ असे दुसरा. मला त्यातले तिसरेच महत्त्वाचे वाटते. रायपुरात आल्यावर विश्वनाथबाबूंनी त्या मुलाला आपल्या बैठकीत बसवले, त्याच्याशी वाद घातला, त्याचे ऐकून घेतले. ज्याला आपण सहा महिन्यांत एकदाही घरातल्या कोणत्या निर्णयाचे कारण सांगत नाही, त्या आपल्या मुलाने ‘कुटुंब आधी’ हे कोठून शिकावे?

दुसरे उदाहरण बंगालचेच, आणि त्यात कार्यही आहे व सहलही. १८७३ मध्ये रवींद्रनाथांची मुंज झाली. वय बाराव्या वर्षात. डोक्याचा गोटा झालेला. आता शाळेत गेल्यावर मुले काय म्हणतील, ह्या चिंतेत ते होते. अशा वेळी वडिलांनी, देवेंद्रनाथांनी, त्यांना बोलावून विचारले की माझ्याबरोबर हिमालयात येशील का? त्यांनी आज्ञा केली नाही, विचारले. मग बोलपूर, अमृतसर, डलहौसी असे काही महिने पितापुत्र हिंडले. वडिलांनी आपले सोन्याचे घड्याळ रोज किल्ली देण्यासाठी मुलाच्या स्वाधीन केले. मुलाने इतक्या उत्साहाने किल्ली दिली की घड्याळ दुरुस्तीसाठी कलकत्त्याला पाठवावे लागले. खर्चाला थोडे पैसे देऊन हिशेब ठेवायला सांगितले. हिशेब कधी जुळला नाही, एकदा तर हातची शिल्लक वाढलेली निघाली, आणि वडिलांनी थट्टेने म्हटले की तुला माझा खजिनदारच केले पाहिजे. रवींद्रनाथांनी पुढे आपल्या आठवणींत हे सगळे लिहून ठेवले. मुंजीतल्या विधींपेक्षा ते घड्याळ त्यांच्या लक्षात अधिक राहिले असावे.

नागपूरच्या लग्नात कोपऱ्यात बसलेल्या त्या मुलाला असे एखादे घड्याळ कोणी दिले नव्हते. स्टेशनवरून पाहुणे आणण्याची जबाबदारी, अहेराची यादी, पंगतीत पाणी वाढणे, काहीही चालले असते. हजेरी लावण्यापुरते नेलेले मूल मनाने तेथे नसते, आणि मग आपणच म्हणतो की ह्यांना नात्यांचे काही वाटत नाही. घरचे कार्य सहलीइतके मोलाचे आहे असे आपल्याला म्हणायचे असेल, तर कार्यात त्या मुलाची काहीतरी गरज असली पाहिजे.

आणखी एक गोष्ट थोडी जड आहे. आपल्या घरांत निर्णय कारणांनी होत नाहीत. ते जिव्हाळ्याच्या जोरावर होतात. ‘तू आला नाहीस तर आजी जेवणार नाही.’ ‘मग मी पण जात नाही, बसते घरी.’ ह्या शस्त्राला धार असते, कारण ते चालवणारा आपल्यावर खरेच प्रेम करीत असतो. ह्याच रायपुरात राहिलेले, मराठी मातृभाषा असून हिंदी गद्याची ज्यांनी आयुष्यभर सेवा केली ते माधवराव सप्रे ह्यांचे स्मरण येथे होते. १९०८ मध्ये ‘हिंदी केसरी’तील लिखाणावरून त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप आला. वडील बंधूंनी टोकाचा भावनिक आग्रह धरला आणि माधवरावांनी माफीपत्रावर सही करून सुटका करून घेतली. बंधूंना भावाचा जीव वाचवायचा होता. त्यांच्या प्रेमात काही खोट नव्हती. परंतु माधवरावांना ते शल्य राहिले. पुढे काही काळ त्यांनी मधुकरी मागून, रामदासी वृत्तीने दिवस काढले. दासबोध आणि गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले, हे आपण अभिमानाने सांगतो. ती सही आपण सांगत नाही. सहलीच्या गोष्टीत राजद्रोह कशाला, असे कोणी म्हणेल. प्रमाण अर्थातच फार निराळे आहे. तथापि प्रेमाच्या दडपणाखाली दिलेला होकार माणूस किती काळ मनात वागवतो, हे त्यातून दिसते. आणि चौदा-पंधराव्या वर्षी तर प्रमाणाचे भान मुळातच कमी असते.

मुलाचे मत ऐकावे, ह्याला आता कायद्याचेही पाठबळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील बारावे कलम तेच सांगते, आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. परंतु घरात कलम दाखवून भांडण्याची वेळ येऊ नये. ऐकणे म्हणजे मानणे नव्हे, हेही मुलांना समजते. आपण समजतो त्यापेक्षा लवकर समजते. त्यांना सोसत नाही ते हे की, पलीकडच्या खोलीत आपल्याविषयी चर्चा चालावी आणि आपल्याला फक्त निकाल कळावा.

पालकांच्या भीतीविषयी बोलले नाही तर शिक्षिका म्हणून माझे बोलणे एकांगी होईल. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडाल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक मुले होती, आणि बऱ्याच जणांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. त्यानंतर ज्या आईने नकार दिला असेल तिला मी भित्री म्हणणार नाही. पण भीतीने विचारायचे प्रश्न वेगळे आणि लग्नपत्रिकेने विचारायचे वेगळे. किती मुलांमागे किती शिक्षक, मुली असतील तर शिक्षिका किती, रात्री बसने प्रवास आहे का, पाण्यात उतरायचे आहे का, नावेत बसायचे असल्यास जाकिटे कोण तपासणार, असे प्रश्न शाळेला लेखी विचारावेत. एकतीस वर्षांत असे विचारणारे पालक मला फार थोडे भेटले, आणि त्यांचा मला कधी राग आला नाही. बहुतेकांनी मात्र खरे कारण कार्याचे असताना सुरक्षिततेचे सांगितले. मुलांना ते कळत होते.

मुलींच्या बाबतीत तर हे विशेष घडते. एकाच घरातल्या मुलाला विशाखापट्टणमला पाठवणारे वडील त्याच्या बहिणीच्या वेळी म्हणतात, “तिची आत्या वाट पाहते आहे.” आत्या वाट पाहते हे खरेच असते. पण ती भावाचीही पाहत होती, ते तेव्हा कोणाला आठवले नव्हते. मी अशा दोन अनुमतिपत्रांचा कागद एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी लावलेला आहे. आडनाव एक, घरचा पत्ता एक, उत्तर वेगळे.

मग करावे काय? सर्वांना लागू पडेल असा नियम माझ्याजवळ नाही. मी स्वतः दोन भेद करते. जे कार्य पुन्हा होणार नाही आणि जे दरवर्षी होते, त्यांना एका मापाने मोजू नये. आजीचे सहस्रचंद्रदर्शन एकदाच. पाचव्या चुलत बहिणीचे लग्न, तिच्यापुरते एकदाच असले तरी, मुलाच्या वाट्याला आलेले पाचवे आहे. नवरीला नंतर घरी बोलावून जेवू घालता येते, आणि गर्दीत न झालेली ओळख तेव्हा होते. सहलीलाही हाच न्याय. दरवर्षीची एक दिवसाची सिरपूरची सहल वेगळी, आणि वर्ग फुटण्यापूर्वीची शेवटची वेगळी. ह्यापलीकडे आईवडिलांनी आपापसात काय ते मुलासमोर न्यायालय न भरवता बोलून घ्यावे, पण बोलून झाल्यावर कारण मात्र त्याच्यासमोर, दोघांनी बसून सांगावे. कारण सांगताना एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. ‘तुझ्या बाबांना पटत नाही’ ह्या वाक्याने आई सुटते, पण मूल बापापासून एक पाऊल दूर जाते.

मंडळाकडून मात्र मला एक अगदी व्यावहारिक मागणी करायची आहे. पुष्कळदा वादाचे खरे मूळ एवढेच असते, की सहल परतते बावीस तारखेला आणि घरचे लोक अमरावतीहून येतात पंचवीसला. मधले तीन दिवस मुलाला ठेवायचे कोठे? पूर्वी कोणाच्या घरचे गावी गेले की परीक्षेला बसलेले मूल शेजारच्या मराठी घरी राहत असे, त्यासाठी कोणाला विचारावेही लागत नसे. आता सदनिकांची दारे बंद असतात आणि विचारण्याचा संकोच वाटतो. मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवावी. डिसेंबर आणि दिवाळीच्या सुटीत ज्यांच्याकडे एखाद्या मुलाची किंवा मुलीची सोय होऊ शकते त्यांनी नाव नोंदवावे, आणि ज्यांना गरज आहे त्यांनी निःसंकोच मागावे.

गेल्या डिसेंबरात आमच्याकडे अशी दोन मुले राहिली. पहाटे साडेचारला पुरीच्या गाडीवरून आम्हीच त्यांना उतरवून आणले. एकाच्या बुटांत इतकी वाळू होती की ती दोन दिवस घरभर सापडत होती. दुसऱ्याने आल्या आल्या नागपूरला फोन लावून लग्नघरातल्या काकूंशी अर्धा तास गप्पा मारल्या, आणि इकडे समुद्र कसा होता हे सांगितले. ह्या वर्षीही आमच्या घरी दोन खाटा रिकाम्या आहेत. नाव कार्यवाहांकडे द्यावे. मुलाला काय खाल्लेले चालत नाही, तेवढे मात्र आधी लिहून पाठवावे.